ऑप्टआर्ग कोणाच्या मालकीचा?

‘-एस’ दिला की प्रोग्रॅम पडायचा. न देता चालवला तर दिवसेंदिवस काही होत नसे. लॉग गोळा करून दुसऱ्या मशीनवर पाठवणारं ते टूल माझ्याकडे यायच्या आधी तीन जणांच्या हातून गेलं होतं. ‘-एस’ म्हणजे सर्व्हरचं नाव. तो दिला की सगळं काम बिनबोभाट व्हायचं, आणि बंद होताना ग्लिबसी (लिनक्सवरची सी भाषेची मूळ लायब्ररी) एक ओळ टाकून प्रोग्रॅम पाडायची: ‘फ्री: इनव्हॅलिड पॉइंटर’.

कमिटचा इतिहास उघडला तर करमणूकच होती. एकाने हाच क्रॅश पाहून सर्व्हरचं नाव फ्री करणारी, म्हणजे त्याची मेमरी परत देणारी, ओळ काढली होती. काही महिन्यांनी दुसऱ्याने मेमरी गळतेय म्हणून तीच ओळ परत घातली होती. हे टूल डीमन म्हणून, म्हणजे मागे सतत, चालतं आणि सिगहप हा सिग्नल मिळाला की कॉन्फिगरेशन नव्याने वाचतं, त्यामुळे ती गळती खरीच होती. दोघांनी पाहिलेली लक्षणं खरी होती, पण दोघांचाही उपाय चुकीचा होता, कारण ओळ ठेवून किंवा काढून सुटणारा तो प्रश्नच नव्हता. ऑप्शन साठवणाऱ्या रचनेतल्या (स्ट्रक्टमधल्या) एकाच फील्डमध्ये कधी मॅलॉककडून मागून घेतलेली, म्हणजे फ्री करायची मेमरी असायची आणि कधी उसनी. डीफॉल्ट नाव स्ट्रडप करून (मॅलॉकच्या मेमरीत प्रत काढून) ठेवलेलं, फाइलमधून आलेलं नावही स्ट्रडप केलेलं, आणि ‘-एस’च्या केसमध्ये मात्र ऑप्टआर्ग, म्हणजे ऑप्शन वाचणाऱ्या गेटऑप्टने दिलेला किमतीचा पॉइंटर, सरळ चिकटवलेला. अशा फील्डला फ्री करावं की नाही, याचं उत्तर ते फील्ड पाहून देता येत नाही.

(नावं इथे देवनागरीतच लिहितेय. आर्गव्ही, स्ट्रडप, गेटऑप्ट वाचलं की एडिटरमध्ये काय टाइप करायचं ते सांगायला नको.)

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण नव्या लोकांना तो हमखास शिकवला जातो: ‘ऑप्टआर्ग लगेच कॉपी कर, गेटऑप्ट पुन्हा बोलावलं की तो पुसला जातो.’ पुसला जातो तो ऑप्टआर्ग नावाचा ग्लोबल पॉइंटर. तो ज्या अक्षरांकडे बोट दाखवत होता ती जागच्या जागीच असतात. गेटऑप्ट कुठलीही मेमरी मागत नाही. आर्गव्हीमधल्याच (कमांड लाइनवरच्या शब्दांच्या यादीतल्याच) एखाद्या स्ट्रिंगच्या सुरुवातीचा किंवा मधल्या जागेचा पत्ता ते तुमच्या हातात ठेवतं. ‘-एसअल्फा’ असं चिकटून लिहिलं तर पत्ता तिसऱ्या बाइटचा, मध्ये जागा सोडून ‘-एस अल्फा’ लिहिलं तर पुढच्या स्ट्रिंगच्या सुरुवातीचा. सी भाषेचं मानक तर स्पष्टच सांगतं की आर्गव्ही आणि त्यातल्या स्ट्रिंग प्रोग्रॅमला बदलता येतात, आणि तुम्ही बदलल्या नाहीत तर त्या प्रोग्रॅम संपेपर्यंत तशाच टिकतात. लिनक्सवर कर्नल त्या नव्या प्रोसेसच्या स्टॅकच्या वरच्या टोकाला लिहून ठेवतो. म्हणूनच त्यांना फ्री केलं की ग्लिबसी ओरडते: ती मेमरी मॅलॉकने दिलेलीच नसते.

ग्लिबसीचं गेटऑप्ट आर्गव्हीचा क्रम बदलतं, ऑप्शन नसलेले शब्द मागे ढकलतं. त्यानेही लोक घाबरतात. पण जागा बदलतात त्या पॉइंटरच्या, अक्षरांच्या नव्हे. आधी घेतलेला पत्ता चालूच राहतो. मात्र तुम्ही पत्त्याऐवजी ‘आर्गव्हीतला चौथा’ असा क्रमांक लक्षात ठेवला असेल, तर तिथे आता दुसरंच काही असू शकतं.

म्हणून प्रोग्रॅम लहान असेल, एकदा चालून संपणारा असेल, सगळे ऑप्शन कमांड लाइनवरूनच येणार असतील, तर कॉपी करूच नका. रचनेतली सगळी फील्ड ‘कॉन्स्ट चार’चे (म्हणजे न बदलायच्या अक्षरांचे) पॉइंटर म्हणून जाहीर करा, डीफॉल्ट म्हणून लिटरल (कोडमध्येच अवतरणांत लिहिलेली स्ट्रिंग) द्या, ऑप्टआर्ग सरळ ठेवा, आणि फ्री हा शब्द त्या फाइलमध्ये लिहूच नका. दोनशे ओळींच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ऑप्शन स्ट्रडप करून शेवटी सगळे फ्री करणारा कोड मी पाहिलाय. नीटनेटका वाटतो खरा, पण त्यात चुकायच्या जागाच जास्त.

उसनवारी कुठे अंगाशी येते ते मात्र ओळखता आलं पाहिजे.

पहिली जागा म्हणजे स्ट्रिंगवर लिहिणारी फंक्शनं. स्ट्रटॉक विभाजकाच्या जागी शून्य बाइट लिहितं. गेटसबऑप्ट स्वल्पविरामांच्या जागी तेच करतं. डिरनेमला तर पॉसिक्सने (युनिक्स छापाच्या सिस्टिमच्या मानकाने) त्याला दिलेल्या स्ट्रिंगमध्ये बदल करायची मुभाच दिली आहे. तुम्ही ‘-ओ’ने आलेल्या फाइलच्या मार्गावर डिरनेम चालवलंत, फोल्डर मिळालं, आणि पाच ओळींनी तोच मार्ग उघडायला गेलात तर तिथे फक्त फोल्डरचं नाव उरलेलं असू शकतं. आर्गव्हीवर लिहायला परवानगी आहे, त्यामुळे क्रॅशही होत नाही. फाइल सापडत नाही एवढंच कळतं, आणि माणूस परवानग्या तपासत बसतो. त्याच फील्डमध्ये डीफॉल्टचं लिटरल असेल तर उलट: लिटरलमध्ये लिहिणं म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर (काय होईल याची मानक हमीच देत नाही), आणि बहुतेक मशीनवर सरळ सेगफॉल्ट. अशा फंक्शनांना नेहमी तात्पुरती प्रत द्यायची आणि काम झालं की ती टाकून द्यायची.

दुसरी जागा प्रोसेसचं नाव बदलण्याची. पीएसच्या (चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडच्या) यादीत ‘वर्कर: रिकामा’ असं काही दाखवण्यासाठी काही डीमन आर्गव्हीच्या मूळ जागेवरच नवी अक्षरं लिहितात. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस आणि एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर दोन्ही लिनक्सवर हे करतात, आणि म्हणूनच दोघेही आधी आर्गव्हीची प्रत काढून ठेवतात. तुम्ही कुठून तरी हा कोड उचललात आणि प्रत काढायचा भाग विसरलात, की सर्व्हरचं नाव वाचताना ‘वर्कर: रिका’ मिळतं.

तिसरी जागा मला स्वतःला महागात पडली. ऑप्शन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधूनही द्यायची सोय हवी होती. मी ती स्ट्रिंग घेतली, प्रत काढली, मोकळ्या जागांवर तोडली, पॉइंटरांची एक यादी बनवली आणि तीच आर्गव्ही म्हणून गेटऑप्टला दिली. पार्सिंग झालं, मी इमानदारीत प्रत फ्री केली, आणि रचनेतली चार फील्ड हवेत लटकली. ‘आर्गव्ही शेवटपर्यंत टिकतो’ हे मानकाचं वचन खऱ्या आर्गव्हीपुरतं आहे, मी घरी बनवलेल्या आर्गव्हीला ते लागू नाही. आणि पार्स करणाऱ्या फंक्शनला तर आपल्याकडे कोणता आला आहे हे कळायचा मार्गच नसतो.

चौथी म्हणजे आमची मूळ केस: एकाच फील्डला अनेक उगम. डीफॉल्ट लिटरल, गेटएन्व्ह, फाइल, कमांड लाइन. गेटएन्व्हने दिलेली स्ट्रिंग तुमची नसते, तिच्यावर लिहायचं नसतं, आणि पुढे कुणी सेटएन्व्ह केलं की तिचा भरवसा नाही. फाइल गेटलाइनने वाचत असाल तर बफर तुमचाच असतो, पण पुढची ओळ त्याच बफरमध्ये येते. चार उगमांची आयुष्यं चार तऱ्हांची, फील्ड मात्र एकच.

यातली एक जरी जागा तुमच्या प्रोग्रॅमला लागू असेल तर दुसऱ्या पद्धतीवर जा: रचना आपल्या प्रत्येक स्ट्रिंगची मालक, अपवाद एकही नाही. डीफॉल्टसुद्धा प्रत काढूनच आत येईल. ‘लिटरल कशाला कॉपी करायचं’ असा कंजूषपणा मनात येतो. पण दहा-पंधरा बाइट वाचवायला गेलात की प्रत्येक फील्डसोबत ‘हे फ्री करायचं का’ असा झेंडा बाळगावा लागतो, आणि तो झेंडा एक दिवस खोटं बोलतो. डीफॉल्ट कॉपी करायचंच नसेल तर दुसरी सोय आहे: फील्ड नल (कुठेच बोट न दाखवणारा पॉइंटर) ठेवायचं, आणि वाचणाऱ्या छोट्या फंक्शनने नल दिसलं तर लिटरल द्यायचं. मला हीच जास्त आवडते, कारण वापरणाऱ्याने सर्व्हर खरंच दिला होता का, हेही त्यातून कळतं.

अंमलबजावणीसाठी एकच दार ठेवायचं. माझ्याकडे त्या फंक्शनचं नाव सेट_स्ट्र आहे. त्याला फील्डचा पत्ता आणि नवी किंमत द्यायची. नवी किंमत नल नसेल तर स्ट्रडप. स्ट्रडपने नल दिलं तर उणे एक परत करून निघायचं, जुन्या किमतीला हात न लावता. मग जुनी किंमत फ्री, आणि मग प्रत फील्डमध्ये. फ्रीला नल दिलेलं चालतं, मानकाप्रमाणे तेव्हा काहीच होत नाही, त्यामुळे ‘आधी काही होतं का’ हे तपासायची गरज नाही. स्ट्रडपला मात्र नल चालत नाही. गेटऑप्टमध्ये दोन अपूर्णविराम देऊन किंमत ऐच्छिक केली असेल तर ऑप्टआर्ग नल येऊ शकतो, म्हणून ती पहिली तपासणी.

आधी प्रत, मग फ्री, हा क्रम उलटा करू नका. माझ्याकडे एक सहकारी सर्व्हरच्या नावापुढचे प्रोटोकॉलचे सात बाइट कापत होता. त्याने फील्डची नवी किंमत म्हणून ‘जुनी किंमत अधिक सात’ हाच पत्ता दिला. आधी फ्री केलं असतं तर कॉपी करायला उरलेली अक्षरं सोडून दिलेल्या मेमरीतली असती. क्रम बरोबर असल्यामुळे त्याचा कोड चालला, आणि हे त्याच्या गावीही नव्हतं.

सगळ्यात जास्त दिसणारी गळतीही हेच दार बुजवतं. केसमध्ये थेट ‘फील्ड बरोबर स्ट्रडप ऑप्टआर्ग’ लिहिलं असेल आणि कुणी ‘-एस अल्फा -एस बीटा’ असं दोनदा दिलं, तर अल्फाची प्रत अनाथ. दोनदा कोण देतो? स्क्रिप्ट देतात. शेलमधल्या एलियासमध्ये एक ‘-एस’ असतो, आणि माणूस वरून दुसरा टाकतो.

कधी कधी स्ट्रिंग आधीच तुमच्या मालकीची असते: रिअलपाथला दुसरा आर्ग्युमेंट नल दिला की ते मॅलॉक करून देतं, एएसप्रिंटएफही तसंच. ती सेट_स्ट्रला दिलीत तर तिची आणखी एक प्रत होईल आणि पहिली तुम्हालाच फ्री करावी लागेल. यासाठी मी घे_स्ट्र नावाचं दुसरं फंक्शन ठेवलंय. ते कॉपी करत नाही, जुनं फ्री करतं आणि दिलेलं ठेवून घेतं. दिल्यानंतर आपल्या हातातला पॉइंटर लगेच नल करायचा. नावं काहीही ठेवा, पण ‘प्रत काढणारं’ आणि ‘ताबा घेणारं’ हे नावावरून कळलं पाहिजे. सीच्या स्वतःच्या लायब्ररीत हे कळत नाही. सेटएन्व्ह प्रत काढतं, पुटएन्व्ह तुम्ही दिलेलीच स्ट्रिंग एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवतं, आणि नावावरून दोघं सख्खे भाऊ वाटतात.

आता खरी युक्ती. आमच्या मूळ चुकीबद्दल कंपायलर गप्प का बसला? कारण ऑप्टआर्ग ‘चार’चा पॉइंटर म्हणून जाहीर आहे, कॉन्स्ट नाही. मालकीचं फील्डही ‘चार’चा पॉइंटर. उसन्याची आणि मालकीची जात (टाइप) एकच, मग कंपायलरने ओळखायचं कसं? म्हणून ऑप्शनच्या लूपमध्ये स्विचच्या आधी एक ओळ टाका: आर्ग नावाचा ‘कॉन्स्ट चार’चा पॉइंटर, त्याची किंमत ऑप्टआर्ग. त्या खाली ऑप्टआर्ग हे नाव पुन्हा येऊ द्यायचं नाही. आता कुणी आर्ग सरळ फील्डमध्ये चिकटवायला गेलं की जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर, वेगळं काही चालू न करताही, इशारा देतात की कॉन्स्ट गळून पडतोय. इशाऱ्यांना एरर ठरवलं असेल तर बिल्डच अडतो. लिटरलच्या बाबतीत सी जरा सैल आहे, त्यांची जात कॉन्स्ट नसते. ती कॉन्स्ट मानायला जीसीसीचा ‘राइट-स्ट्रिंग्ज’ इशारा वेगळा चालू करावा लागतो. सीसाठी तो ‘ऑल’ या इशाऱ्यांच्या गटात येत नाही.

मग नियम असा बसतो: कॉन्स्ट असलेलं सगळं उसनं, कॉन्स्ट नसलेलं सगळं मालकीचं. फ्रीच्या आत कुणी जात बदलण्यासाठी कास्ट लिहिलेला दिसला, तर रिव्ह्यूमध्ये मी तिथेच थांबते. आमच्या त्या जुन्या कोडमध्येही एक होता. ते फील्ड कधीतरी कॉन्स्ट असताना कंपायलरने इशारा दिला असणार, आणि कुणीतरी कास्ट घालून त्याचं तोंड बंद केलं होतं.

वारंवार येणारे ऑप्शन, म्हणजे ‘हे वगळ, तेही वगळ’ छापाचे, यादीत जातात. तिथे मालकी दोन पातळ्यांवर असते: पॉइंटरांची यादी, आणि यादीतली प्रत्येक स्ट्रिंग. मोकळं करताना आधी आतल्या स्ट्रिंग, मग यादी. यादी वाढवताना रिअ‍ॅलॉकने ती दुसरीकडे हलवली तरी स्ट्रिंग हलत नाहीत. मात्र रिअ‍ॅलॉकचं उत्तर थेट त्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका. नल आलं तर जुनी यादी जिवंत असते आणि तिचा पत्ता तुम्ही नुकताच पुसलेला असतो.

रचनेची नक्कल हाही सापळा आहे. बरोबरचं चिन्ह टाकून रचना कॉपी केली की पॉइंटर कॉपी होतात आणि एकाच स्ट्रिंगला दोन मालक मिळतात. दोघांनी आपापली साफसफाई केली की डबल फ्री. मी रचना नेहमी पत्त्यानेच फिरवते, किमतीने कधीच नाही.

सिगहपवर नव्याने वाचताना चालू रचनेतच बदल करू नका. शून्य केलेली नवी रचना घ्या, त्यात फाइल आणि मूळ आर्गव्ही पुन्हा पार्स करा (गेटऑप्ट पहिल्यापासून सुरू करायला ऑप्टइंड (पुढे कितवा शब्द वाचायचा तो आकडा) आधी एकवर आणायचा. तुमच्या ऑप्शन-स्ट्रिंगच्या सुरुवातीला अधिक किंवा उणे चिन्ह असेल तर ग्लिबसीला तिथे शून्य हवं असतं), सगळं जमलं तर जुनी मोकळी करून नवी जागेवर ठेवा, नाही जमलं तर नवी मोकळी करा आणि जुनीवर चालू राहा. हे अगदी सरळ वाटलं होतं, तरी पहिल्याच दिवशी लॉगिंगच्या मॉड्यूलने दगा दिला. त्याने सुरू होताना सर्व्हरच्या नावाचा पत्ता घेऊन आपल्या स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. जुनी रचना गेली, तो पत्ता मात्र तिथेच. रचना मालक झाली म्हणजे बाकीचे सगळे उसनवार झाले, आणि रीलोडच्या पलीकडे जगायचं असेल तर त्यांनी स्वतःची प्रत काढायची किंवा दर वेळी रचनेला विचारायचं.

गेटऑप्ट सोडून दुसरी लायब्ररी वापरत असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा की ती स्ट्रिंग उसनी देते की कायमची. ग्लिबसीचं आर्गपी गेटऑप्टसारखंच आर्गव्हीतला पत्ता देतं. पॉप्टमध्ये पॉप्टगेटऑप्टआर्गने दिलेली स्ट्रिंग फ्री करणं तुमच्याकडे असतं, पण पॉप्टगेटआर्गने दिलेले उरलेले शब्द कॉन्टेक्स्टचे असतात, कॉन्टेक्स्ट मोकळा केला की ते गेले. एकाच लायब्ररीत, जवळजवळ सारख्या नावांत, दोन रीती. जीलिबचा ऑप्शन पार्सर स्ट्रिंगची नवी प्रत देतो आणि ती जी_फ्रीने सोडायची असते.

पासवर्ड कमांड लाइनवर घेऊच नका, फाइलमधून किंवा टर्मिनलवरून घ्या. नाइलाजाने घ्यावाच लागला तर आधी प्रत काढा, मग आर्गव्हीतली अक्षरं पुसा. पीएसमध्ये तो क्षणभर दिसून गेलेला असतोच, ते काही टळत नाही. आपली प्रत सोडतानाही आधी पुसायची, आणि मेमसेटने नाही. पुढे वाचली न जाणारी मेमरी पुसणं कंपायलर बिनकामाचं समजून काढून टाकू शकतो. ग्लिबसीत २.२५ पासून एक्सप्लिसिट_बीझीरो आहे, ते वापरा.

राहता राहिली तपासणी. मेमरीच्या चुका पकडायला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू करून बिल्ड करा, किंवा साधा बिल्ड व्हॅलग्राइंडखाली चालवा. कुठल्या ऑप्शनांनी चालवता याला महत्त्व जास्त. माझी स्क्रिप्ट एकही ऑप्शन न देता चालवते, मग प्रत्येक ऑप्शन एकदा, मग प्रत्येक दोनदा, मग लांब रूपात बरोबरच्या चिन्हापुढे काहीच न लिहिता (तिथे नल नाही, रिकामी स्ट्रिंग मिळते), मग तीन बरोबर ऑप्शनांनंतर एक चुकीचा. चुकीच्या ऑप्शनवर एक्झिट करताना मोकळं करायची खरं तर गरज नसते, कर्नल सगळी मेमरी परत घेतोच. मी तरी करते, कारण नाही केलं तर व्हॅलग्राइंडच्या यादीत ‘स्टिल रीचेबल’ची भर पडते आणि त्या गर्दीत एखादी खरी ‘डेफिनिटली लॉस्ट’ नजरेतून सुटते.

त्या टूलमध्ये शेवटी फ्रीची ओळ राहिली, तिच्यातला कास्ट गेला, आणि ‘-एस’च्या केसमध्ये ऑप्टआर्गच्या जागी सेट_स्ट्र आलं. आर्गची ओळ टाकल्याबरोबर कंपायलरने आणखी दोन केस दाखवल्या, ‘-पी’ आणि ‘-एल’. ते दोन्ही ऑप्शन आमच्याकडे कुणी वापरत नव्हतं, म्हणून तोवर त्यांनी कधी काही पाडलं नव्हतं.